लिलावातला जुना कोट : आधी आतली बाजू बघा

पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कच्या नामवंत फॅशन घराण्यांचे जुने कोट लिलावात घेणारे मराठी वाचक आता बरेच आहेत. बहुतेक पत्रं इंग्लंड-अमेरिकेतून येतात, काही पत्रं कोट घेऊन मुंबई-पुण्याला परतलेल्यांची असतात. या वेळी त्यातले आठ प्रश्न.

लंडनच्या एका लिलावाच्या यादीत १९६०च्या सुमाराचा लोकरी कोट आहे. अंदाज २०० ते ३०० पौंड. माझ्याकडे सगळं मिळून ५०० पौंड आहेत. बोली कुठपर्यंत न्यावी? (रेडिंग)

३४० पौंडांपर्यंत. यादीतला अंदाज हा फक्त हातोडा पडतो त्या किमतीचा असतो, तुमच्या खिशातून जाणाऱ्या रकमेचा नाही. हातोड्याच्या किमतीवर लिलावगृह स्वतःचा प्रीमियम लावतं. लिलावाच्या अटींत तो किती टक्के ते छापलेलं असतं. आपण २५ टक्के धरू; काही ठिकाणी तो ३०च्या आसपास असतो. या प्रीमियमवर ब्रिटनमध्ये २० टक्के व्हॅट. बोली एखाद्या सामायिक ऑनलाइन मंचावरून लावलीत तर त्या मंचाचे आणखी ३ ते ५ टक्के, आणि त्यावरही व्हॅट.

आता हिशेब. हातोडा ३४०. प्रीमियम ८५, त्यावर व्हॅट १७, झाले ४४२. मंचाचे ५ टक्के म्हणजे १७, त्यावर व्हॅट ३.४०, झाले ४६२.४०. पाठवणावळ ३० धरली तर ४९२.४०. डोक्यात एकच गुणक ठेवा, १.३६. हातातल्या रकमेतून पाठवणावळ वजा करा आणि १.३६ने भागा, तुमची शेवटची बोली मिळते. लिलावगृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं तर मंचाचे पैसे बहुधा वाचतात. मग गुणक १.३० होतो.

बोलीच्या पायऱ्याही बघून ठेवा. २०० ते ५०० पौंडांत काही ठिकाणी पायरी सरळ २०ची असते, काही ठिकाणी ३२०, ३५०, ३८० अशी. दुसऱ्या प्रकारात तुमची लेखी बोली, म्हणजे लिलावगृहाला आधीच कळवलेली तुमची वरची मर्यादा, ३४०ची असेल तर ती खाली आणून ३२० धरली जाते. लेखी बोली द्यायला घाबरू नका. ३४० लिहिलंत म्हणून ३४०च द्यावे लागत नाहीत. समोरचा २२०ला थांबला तर कोट पुढच्या पायरीवर तुमचा होतो. दोघांची रक्कम सारखी आली तर आधी आलेली बोली धरायची ही सर्वसाधारण पद्धत आहे, म्हणून ती आदल्या दिवशीच पाठवा. थेट बोली लावताना माणूस एका पायरीने वाहवत जातो. लेखी बोलीत तो धोका नाही, आणि पहिल्या दोनतीन लिलावांना आम्ही हीच पद्धत सुचवू.

एकाच लिलावात क्रिस्तियाँ दिओर नावाची पाटी असलेले तीन कोट होते. अंदाज एकमेकांपासून इतके लांब, की पाटी खरी की खोटी हाच प्रश्न पडला. (एडिसन, न्यू जर्सी)

तिन्ही पाट्या खऱ्या असू शकतात. फरक आहे तो कोट कुठे शिवला आणि कुणासाठी शिवला याचा.

सगळ्यात वरचा कोट पॅरिसच्या ३० अव्हेन्यू मोंतेनच्या कार्यशाळेत एका बाईच्या मापाने शिवलेला. १९५०च्या दशकातल्या अशा पाटीवर पॅरिसबरोबर बहुधा हंगाम विणलेला असतो, म्हणजे वसंत-उन्हाळा की शरद-हिवाळा, आणि साल. पाटीखाली किंवा शेजारी कापडी फितीवर शाईने घातलेला किंवा छापलेला क्रमांक असतो. हंगामावरून डिझाइन कुणाचं हेही कळतं. दिओर ऑक्टोबर १९५७मध्ये वारले. त्यामुळे १९५८च्या वसंत-उन्हाळ्याची पाटी म्हणजे तरुण ईव्ह सेंट लॉरेंचा तिथला पहिला संग्रह. १९६०नंतर मार्क बोआन आले आणि १९८९पर्यंत राहिले.

दुसरा कोट न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या शाखेचा. न्यूयॉर्कची शाखा १९४८मध्ये सुरू झाली. तिथले कपडे तिथल्या गिऱ्हाइकासाठी, तिथेच शिवलेले. काम चांगलं असतं, पण हातशिलाई कमी आणि मापं ठरावीक. तिसरा प्रकार परवान्यावर दुसऱ्या कारखान्याने काढलेला माल किंवा एखाद्या दुकानाने पॅरिसचा नमुना रीतसर विकत घेऊन काढलेली नक्कल. न्यूयॉर्कचं ओरबाक्स हे दुकान अशा हुबेहूब नकलांसाठीच प्रसिद्ध होतं. हा कोट खोटा नाही, पण त्याला पहिल्याची किंमत देणं ही चूक.

पाटी एका कोटावरून काढून दुसऱ्यावर लावण्याचे प्रकारही होतात. ओळखायचं असं. कुतूर कोटाची, म्हणजे वरच्या पहिल्या प्रकारासारख्या एका गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेल्या कोटाची, पाटी हाताने, बारीक टाक्यांनी अस्तरावर बसवलेली असते. तिच्या कडेने मशीनची टीप दिसली तर प्रश्न विचारा. पाटीच्या आजूबाजूला रिकामी सुईची भोकं आहेत का? पाटीवर झीज आणि मळ नाही, पण मानेजवळचं अस्तर मात्र विरलेलं, असं दिसतं का? पाटीचा दोरा बाकी शिवणीच्या दोऱ्यापेक्षा पांढराशुभ्र आहे का? तिन्हींपैकी एकाचं उत्तर हो आलं तर पाटी विसरा आणि कोट निनावी आहे असं धरून त्याची किंमत ठरवा.

पाटीपेक्षा शिवणीवर जास्त भरवसा ठेवा. कुतूर कोटात काज हाताने केलेले किंवा त्याच कापडाने बांधलेले असतात, शिवणीत भरपूर माया सोडलेली असते, कॉलरच्या आतल्या कॅनव्हासवर हाताचे तिरपे टाके असतात आणि अस्तर हाताने टाचलेलं असतं. पाटी बदलता येते, हे सगळं बदलता येत नाही.

यादीतले शब्दही जपून वाचा. ‘लेबल्ड’ म्हणजे पाटी कोटावर आहे. ‘अट्रिब्यूटेड’ म्हणजे पाटी नाही किंवा पुरावा अपुरा आहे, आणि तज्ज्ञांचं मत तसं आहे. ‘इन द स्टाइल ऑफ’ म्हणजे त्या घराण्याचा संबंधच नाही.

पैशाला खरा न्याय मिळतो अशी एक जागा सांगतो. स्पॅनिश डिझायनर बालेंसियागांच्या पॅरिसच्या कोटांना, म्हणजे १० अव्हेन्यू जॉर्ज साँकचा पत्ता असलेल्या कोटांना, भाव फार चढतो. त्यांचीच स्पेनमधली शिवणघरं मात्र ‘एइसा’ या नावाने चालत. नाव त्यांच्या आईच्या एइसागिर्रे या आडनावावरून. तोच कापणारा हात, तीच मुंढ्याची आणि बाहीची करामत, पण पाटी ओळखीची नसल्याने बोली बहुधा कमी जाते. बाही पुढच्या भागातूनच निघते आणि काखेत छोटी पाचर जोडलेली असते, अशी जागा दिसली की थांबा आणि फोटो मोठा करून बघा.

पाटी नसलेल्या कोटाचं साल कसं काढायचं? (लेस्टर)

आत शिवलेल्या छोट्या चिठ्ठ्यांवरून. धुण्या-इस्त्रीच्या सूचनांची कायमची पट्टी अमेरिकेत १९७२पासून सक्तीची झाली. अशी पट्टी असलेला अमेरिकी कोट १९५०च्या दशकातला असण्याची शक्यता फार कमी. धाग्यांची टक्केवारी सक्तीने सांगणारा तिथला कायदा १९६०पासून लागू झाला, मात्र लोकरीचं प्रमाण सांगण्याचा नियम त्याच्या बराच आधीचा, १९३९चा. महिला वस्त्र कामगार संघटनेची चिठ्ठी लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत असेल तर कोट १९७४ ते १९९५मधला.

ब्रिटिश कोटात ‘सीसी ४१’ ही खूण, म्हणजे चीजच्या कापलेल्या चाकांसारखे दोन गोल, असेल तर तो युद्धकाळच्या काटकसर योजनेतला. ती १९४१ साली ठरली आणि १९५२मध्ये बंद झाली. लोकरीच्या गुंडाळीसारखं वूलमार्क हे चिन्ह १९६४चं. बर्बरीच्या जुन्या पाटीवर ‘बर्बरीज’ असं नाव असतं, शेवटचा ‘ज’ १९९९मध्ये गेला.

एक सावधगिरी. एका खुणेवर निकाल देऊ नका. चेन बदलली जाते, बटणं बदलली जातात, अस्तर तर सर्रास बदललं जातं. तीन खुणा एका दशकाकडे बोट दाखवत असतील तरच ते दशक माना.

लिलावगृह फक्त चार फोटो दाखवतं. कोटाची अवस्था कशी विचारावी? (मँचेस्टर)

मेल करा, पण ‘अवस्था कशी आहे?’ असं विचारू नका. त्याला ‘वयाच्या मानाने चांगली’ एवढंच उत्तर येतं. नेमके फोटो मागा: दोन्ही काखांचं अस्तर, कॉलर उचलून खालची बाजू, दोन्ही बाह्यांची टोकं, खालच्या काठाची आतली बाजू, खिशांची तोंडं, सगळी बटणं एका ओळीत, आणि कोट खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरून घेतलेला एक फोटो. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. कसर लागलेली भोकं सपाट टेबलावर दिसत नाहीत, उजेडासमोर चांदण्यांसारखी दिसतात. लिलावाच्या दोनतीन दिवस आधी मागितलं तर ही माहिती बहुधा मिळते. शेवटच्या दिवशी कर्मचाऱ्यांना वेळ नसतो.

यादीत ‘एएफ’ अशी दोन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ ‘जसा आहे तसा’. दोष आहे हे त्यांनी सांगून टाकलं, पुढची जबाबदारी तुमची. आणि अवस्थेच्या कारणावरून लिलावातला माल सहसा परत घेत नाहीत. ठरावीक मुदतीत पुराव्यानिशी बनावट ठरला तरच अटींनुसार पैसे परत मिळू शकतात.

आता काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही. लोकरी कापडातली मसुराएवढी पाचसहा भोकं चांगल्या रफूवाल्याकडून जवळजवळ दिसेनाशी होतात. धागा मात्र त्याच कोटातून घ्यायचा, खालच्या काठाच्या किंवा शिवणीच्या मायेतून. बाजारातला धागा उन्हात वेगळा दिसतो. मुंबई-पुण्यात हे काम करणारे हात अजून आहेत, लंडनमध्ये त्याच रफूला भोकागणिक पैसे पडतात. उसवलेली शिवण, निखळलेलं अस्तर, सैल बटणं ही किरकोळ कामं.

काखेतले घामाचे पिवळे डाग अस्तरापुरते असतील तर चालतात. बाहेरच्या कापडावर आले असतील तर तिथला रंग आणि धागा दोन्ही खराब झालेले असतात, धुलाईने ते जात नाहीत.

रेशमी अस्तर उभ्या चिरा पडून फाटत असेल तर त्याला उपाय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३०च्या दशकापर्यंत रेशमाला वजन यावं म्हणून कथलाचे क्षार पाजत. ते क्षार धागा आतून खातात. अशा अस्तराला रफू केलं तर टाक्याशेजारी नवी चीर पडते. अस्तर बदलता येतं, पण कुतूर कोटाचं मूळ अस्तर गेलं की किंमतही गेली. म्हणून तसा कोट घ्यायचाच असेल तर तो वापरायला नको, ठेवायला घ्या.

१९६०च्या दशकातले चकचकीत व्हायनलचे आणि प्लास्टिकचा लेप दिलेले कोट फोटोत मोहात पाडतात. व्हायनलमधला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षांनुवर्षं बाहेर झिरपतो, पृष्ठभाग चिकट होतो, धूळ धरतो, पांढरा रंग पिवळा पडतो. पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या दमटपणाने विघटित होऊन पापुद्रे सुटतात. दोन्ही थांबवता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या हवेत वेग वाढतो. ‘हाताला चिकट लागतो का?’ एवढं एक वाक्य विचारा. उत्तर टाळलं तर सोडून द्या.

खालचा काठ कापलेला असणं हा न दिसणारा मोठा दोष. १९५०च्या दशकातले कोट पोटरीपर्यंत असत. पुढच्या दशकात बायकांनी ते गुडघ्यापर्यंत आणले. आत दोन-तीन इंच कापड दुमडलेलं असेल तर ते सोडता येतं, फक्त जुन्या दुमडीची फिकट रेघ राहते. आत अर्धा इंचच असेल तर कोट कापलेला आहे, त्याचा तोल गेलेला आहे, आणि तो पुन्हा येत नाही.

यादीत साइज १४ लिहिलं आहे. मला १० लागतो. मोठा होईल ना? (स्लाव)

बहुधा लहानच होईल. जुन्या साइजचे आकडे आजच्यांशी जुळत नाहीत, आणि कुतूर कोटावर आकडा नसतोच. मापं इंचात मागा. कोट सपाट ठेवून बटणं लावून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, आणि त्याची दुप्पट. खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत. बाहीची लांबी, आणि कॉलरच्या खालून मागची उंची. तुमची छाती ३६ असेल तर बाहेरून घालायच्या कोटाची ४० ते ४२ हवी, नाहीतर खाली स्वेटर मावत नाही.

बाही खांद्यातूनच कापलेली असेल तर खांद्याचं माप निरुपयोगी. तिथे मानेच्या मधल्या हाडापासून मनगटापर्यंत माप मागा आणि तुमच्या अंगातल्या कोटाशी ताडून बघा. खांदा अर्ध्या इंचापेक्षा जास्त चुकत असेल तर घेऊ नका. कंबर आणि घेर शिंपी सांभाळून घेतो. खांदा आणि मुंढा उघडायचा म्हणजे आख्खा कोट नव्याने बांधायचा.

बिबट्याच्या कातड्याची कॉलर असलेला १९५०च्या दशकातला कोट आवडला आहे. पुण्याला नेता येईल का? (क्रॉयडन)

नाही, आणि घेऊही नका. बिबट्या हा वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ब्रिटनमध्ये विक्रीची जी सूट आहे ती ३ मार्च १९४७च्या आधी तयार झालेल्या वस्तूंना, त्यानंतरच्यांना प्रमाणपत्र लागतं. सीमेपार न्यायला वेगळा परवाना. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बिबट्याच्या कातड्याची वस्तू बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. विमानतळावर ‘जुनी आहे’ हे उत्तर चालत नाही.

कॉलर नकली असू शकते, हे तपासा. केसांत हलकी फुंकर मारा आणि मुळाशी बघा. विणीचे धागे दिसले तर नकली, चामडं दिसलं तर खरी. खऱ्या केसाचं टोक निमुळतं होत जातं, नकली केस टोकाशी बोथट असतो.

साध्या लोकरी कोटाबद्दलही एक गोष्ट. वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे आणण्यावर भारतात परवान्याचं बंधन आहे. पाचसहा कोट एका खोक्यात भरून पाठवले तर ते गठ्ठाच समजले जाण्याचा धोका. एक कोट स्वतःच्या सामानात, लिलावाच्या पावतीसह आणणं बरं. पाठवायचाच असेल तर बोली लावण्याआधी कस्टमच्या दलालाशी बोला, नंतर नाही.

दोन लोकरी कोट मुंबईला आणले. पावसाळ्यात कसे ठेवू? डांबरगोळ्या चालतील? (दादर)

डांबरगोळ्या नकोत. वास अस्तरात वर्षानुवर्षं राहतो, जुन्या प्लास्टिकच्या बटणांवर त्यांचा परिणाम होतो, आणि त्यांची वाफ घरातल्या माणसांनाही चांगली नाही. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा आपण पूर्वापार ठेवतो, पण त्याने अळी मरत नाही. लवंगेचं तेल कापडाला लागलं तर डाग मात्र कायमचा.

बाहेरून आलेला कोट कपाटात जाण्याआधी गोठवा. कोट मांजरपाटात किंवा आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये पूर्ण १४ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. ती लगेच उघडली तर मुंबईच्या हवेतलं पाणी थंड कापडावर जमतं, आणि कसरीऐवजी बुरशी मिळते. फ्रिजचा साधा बर्फाचा कप्पा यासाठी पुरत नाही. व्हायनलचे कोट गोठवू नका.

नंतर मऊ ब्रशने कॉलरची खालची बाजू, खिशांचे कोपरे आणि शिवणींच्या खाचा झाडा. अळी अंधारात, घाम लागलेल्या जागी राहते. उघड्या पाठीवर ती क्वचितच सापडते.

बुरशीसाठी खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. एक आर्द्रतामापक कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या फटी असलेल्या लाकडी कपाटात काही कामाच्या नाहीत, दोन दिवसांत त्या भिजतात. बंद झाकणाच्या पेटीत त्या चालतात, रंग बदलला की पुडीतून दाणे काढून ट्रेमध्ये १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवायचे. जून ते सप्टेंबर खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र चालवणं हाच खात्रीचा उपाय.

टांगायला तारेचा हँगर नको. टोकाशी दोन इंच जाड, कोटाच्या खांद्याएवढाच रुंद, कापूस भरून मांजरपाट गुंडाळलेला हँगर करून घ्या. ड्रायक्लीनरची प्लास्टिकची पिशवी घरी आल्याबरोबर काढा आणि कोटावर धुतलेल्या मांजरपाटाचं आवरण घाला. उरेब, म्हणजे तिरप्या कापडात, कापलेला किंवा मण्यांनी जड झालेला कोट टांगू नका, तो लांबतो. पेटीत आडवा ठेवा, घड्यांत कागदाच्या गुंडाळ्या घाला, आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदला.

मोठ्या नावांना पैसे पुरत नाहीत. सुरुवात कशाने करावी? (बर्मिंगहॅम)

अमेरिकी डिझायनर बॉनी कॅशिनचे चामड्याची किनार आणि पितळी फिरकी लावलेले कोट. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिली अ‍ॅन या कंपनीचे रुंद कॉलरचे कोट, पण बटणं मूळची आहेत का बघून. सेंट लॉरेंच्या रिव्ह गोश या तयार कपड्यांच्या शाखेचे कोट; ती १९६६मध्ये सुरू झाली, पाटीवर गुलाबी आणि नारिंगी चौकोन. आणि मॅक्स माराचा १०१८०१ क्रमांकाचा उंटरंगी कोट, १९८१चा, आन-मारी बेरेताने काढलेला. तो आजही निघतो, म्हणून जुना म्हणून जास्त पैसे देण्याआधी आतली पट्टी बघा. कोपर आणि खिशाच्या तोंडाशी लव गेली असेल तर तो घेऊ नका. या कापडाची लव परत येत नाही.